घोड्याला नाव होतं

आई,

मामाला मी नाही म्हटलं. रडणं-भेकणं मागाहून करू, आधी हे सांगून टाकते.

तुला पोचवून आम्ही घरी आलो. आंघोळी झाल्या. माझ्या अन्वीने कुणी न सांगता तुझ्या खोलीतला पंखा बंद केला, आणि तेवढ्यात पुण्याहून मामाचा फोन आला. तुझा धाकटा भाऊ तो, आधी हमसून हमसून रडला, आणि ते रडणं खरं होतं. मग नाक पुसून म्हणाला, "शुभे, ताईचे ते कागद आहेत ना, त्या गोऱ्याचे, ते आता कशाला ठेवतेस? तिच्याबरोबरच संपू देत. आणि बाराव्याला गुरुजी नावं विचारतील तेव्हा भलतंसलतं काही बोलू नकोस. व्हिडिओ कॉलवर सगळे असणार आहेत."

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे, नाही ना बोलणार?"

"नाही म्हणजे तुझं ऐकणार नाही."

तू असतीस तर मोठ्यांशी असं बोलतात का म्हणून मला दटावलं असतंस, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन खुदखुदली असतीस.

मामाचं दुखणं मला कळतं. आपले घारे डोळे त्याने आयुष्यभर मिरवले. कुणाचंही लग्न असो, व्याह्यांच्या पंगतीत तो स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवून "आम्ही अस्सल कोकणातले, हे बघा" असं सांगत हिंडायचा. ते डोळे स्कॉटलंडहून निघून सिंगापूरमार्गे मालवणात उतरले, हे त्याला आता या वयात कसं पचावं? तुला पचलं. नुसतं पचलं नाही, तू त्याच्यावर दोन घास जास्त जेवलीस.

बाबा गेल्यावर तू माझ्याकडे सिंगापुरात, पासिर रिसला राहायला आलीस, तेव्हा मला वाटलं होतं की तू भजनी मंडळ शोधशील, खाली चालायला जाशील, अन्वीला मराठी शिकवशील. मी सकाळी हार्बरफ्रंटला ऑफिसात, अन्वी शाळेत, दिवसभर तू एकटी. पहिल्याच आठवड्यात तू माझ्याकडे एमआरटीचं, इथल्या मेट्रोचं, कार्ड मागितलंस आणि विचारलंस, "जुने सरकारी कागद इथे कुठे बघायला मिळतात?"

तुझ्याकडे भांडवल काय होतं? तुझी आजी द्वारका सांगायची तेवढंच. तिची आई मथुरा लहानपणी शिंगापुराहून बोटीने मालवणला आली, आपल्या आईचं बोट धरून. बाप तिकडेच वारला. बापाचं नाव धोंडू, कारण घरातल्या एका जुन्या कागदावर 'मथुरा धोंडू' असं लिहिलेलं. मधलं नाव म्हणजे बापाचं नाव, याबद्दल आपल्याकडे कुणाला शंका येत नाही. तुलाही आली नाही, मलाही नाही. म्हणून इथल्या पुराभिलेखागारात जाऊन तू कित्येक महिने धोंडू शोधलास. गोदीतले धोंडू, पलटणीतले धोंडू, धोब्यांमधले धोंडू. आपल्या मथुरेचा बाप एकातही सापडेना.

तुझ्या इथे राहण्याच्या पासची मुदत वाढवायला आपण गेलो तेव्हाचं तुझं तोंड मला आठवतं. "माझ्या पणजीचा जन्म इथला," तू माझ्या कानाशी कुरकुरलीस, "आणि मला हे पाहुणी म्हणून शिक्का मारून देतात."

"मग सांग त्यांना."

"सांगणारच आहे. पुरावा तर मिळू दे."

मग तू मालवणच्या त्या लांबच्या मावशीला फोन लावलास. ती पलीकडून ओरडली ते मला इकडे सोफ्यावर ऐकू आलं. "अगो, धोंडू मथुराचो मामा! बापूस खंयचो?" परत आलेल्या बहिणीच्या पोरीला मामाने आपलं नाव दिलं होतं, म्हणजे उद्या तिचं लग्न जमेल. फोन ठेवून "भला माणूस होता गं," म्हणालीस आणि उठून बेसिनच्या आरशात स्वतःचे डोळे बघायला गेलीस.

दुसऱ्या दिवसापासून तू गोरे शोधायला लागलीस. पूर्वेकडच्या किनाऱ्यावर माडांच्या बागा लावणारे, जमिनींचे पट्टे घेतलेले, इथेच तापाने मेलेले गोरे. जन्मभर भूगोल शिकवलेली बाई तू, जुने नकाशे बघितल्यावर तुला कोण आनंद! आणि पोरांची कोंबडी-पाय अक्षरं वाचून वाचून तयार झालेली तुझी नजर. तिथल्या काउंटरवरच्या मिस टॅन तुझ्यासाठी फिल्मची रिळं आधीच काढून ठेवायला लागल्या. त्यातल्या एकाचा पट्टा सापडला, त्याच्या जोडीला मृत्युपत्र सापडलं, तेव्हा त्या तुझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"आंटी, धिस वन युवर ग्रेट-ग्रेट-ग्रँडफादर अह? आंग मो लेह!" आंग मो म्हणजे गोरा, हे एव्हाना तुला ठाऊक होतं.

"येस," तू म्हणालीस. "नॉट माय फॉल्ट."

हे तू मला घरी येऊन तीनदा सांगितलंस आणि तीनही वेळा स्वतःच हसलीस.

त्या दिवशी दुपारी मी मीटिंगमध्ये होते. तू ऑफिसात कधी फोन करत नाहीस म्हणून मी घाबरून बाहेर आले. तुझा आवाज चिरका झाला होता. "शुभे, तो सापडला गं. ती नाही सापडली."

संध्याकाळी तू मृत्युपत्राची छापील प्रत जेवणाच्या टेबलावर ठेवलीस आणि वर्गात धडा वाचतात तशी वाचून दाखवलीस. डंकन नावाचा माणूस. उत्तरेला समुद्र, पूर्वेला ओढा, मध्ये त्याचे माड. जमीन स्कॉटलंडमधल्या भावाला. बंदूक शेजारच्या बागवाल्याला. रॉबिन नावाचा घोडाही त्यालाच, आणि त्याला ओझ्याला जुंपू नये अशी वर विनंती. मग शेवटी, माझ्या घरात राहणारी मालवणकडची बाई, हिची वर्तणूक माझ्या मरणापर्यंत चांगली राहिली तर तिला आणि तिची मुलगी मथुरा हिला परतीचं बोटीचं भाडं, आणि स्वयंपाकाची भांडी.

"तिची मुलगी," तू म्हणालीस. "हिची एकटीची."

"बाईचं नाव?" मी विचारलं.

तू कागद माझ्याकडे सरकवलास. "पोरीला नाव आहे. घोड्याला नाव आहे."

अन्वी तेवढ्यात जेवायला आली. तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "आज्जी, सो वी आर स्कॉटिश, इज इट? कॅन गेट पासपोर्ट ऑर नॉट?"

"पासपोर्ट नको म्हणावं," तू तिला म्हणालीस. "भांडी तरी पोचली का ते विचार."

आणि मग एकदम तुझा पारा चढला. 'वर्तणूक' या शब्दावर तू बोट आपटत होतीस. "प्रगतिपुस्तकात लिहायचो आम्ही हे! वर्तणूक चांगली! हा कोण लागून गेला शेरे मारणारा? स्कॉटलंडात माड कुठे बघितला होता याने? मालवणच्या बाईला हा माड लावायला शिकवणार? बाग तिने सांभाळली असणार शुभे, लिहून ठेव. हा नुसता टोपी घालून फिरत असणार." त्या दिवसापासून तो आपल्या घरात डंकनराव झाला.

मामाला कळल्यावर त्याने तुला फोनवर काय नाही ते ऐकवलं. ठेवलेली बाई, घराण्याची अब्रू, लोक काय म्हणतील. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "कुणी कुणाला ठेवलं होतं ते आधी ठरव, मग मला फोन कर."

माझी भीती निराळी होती, आणि मी ती बोलूनही दाखवली होती. त्या काळात मुंबई इलाख्यातून इकडे काळ्या पाण्यावर कैदी पाठवत असत. त्यात बायकाही होत्या. म्हटलं, आई, आणखी खोलात जाऊ नकोस, ही त्यातली निघाली तर? तू मटार सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "निघाली तर निघाली. काय केलं असेल बिचारीने? नवऱ्याला मारलं असेल. बरं केलं." मग थोड्या वेळाने, "नाहीतर आया म्हणून आली असेल एखाद्या मडमेबरोबर. काहीही असो, मला ती चालेल." कोणती ते आजही कळलेलं नाही. मलाही आता दोन्ही चालतात.

आपलं भांडण खरं जुंपलं ते पुढे. तुला हळूहळू डंकनरावांचा कळवळा यायला लागला. शेवटच्या आजारात मृत्युपत्र लिहून घेतलेलं, सही वाकडीतिकडी, आपलं असं जवळ कुणी नाही. "बाकीच्या गोऱ्यांनी एवढंसुद्धा लिहिलं नाही गं," तू म्हणायचीस. "मी शंभर मृत्युपत्रं वाचली. बायका-पोरं जणू नव्हतीच. याने भाडं तरी लिहिलं, म्हणून ती परत जाऊ शकली. ती परत गेली म्हणून आपण आहोत."

"उपकार झाले!" मी म्हणायचे. "तिच्या कष्टाची बाग भावाला दिली आणि तिला भांडी. आणि त्याचे गुण गायचे?"

"गुण नाही गात. माणूस होता एवढंच म्हणते."

"घोड्याचं ओझं दिसलं त्याला."

यावर तू ताटं उचलायला लागायचीस आणि मला जिंकल्यासारखं वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तू पुन्हा तिथूनच सुरू करायचीस. हॉस्पिटलात, हाताला सुई लावलेली असताना, अगदी परवापरवापर्यंत तू म्हणत होतीस की माझं पूर्ण ऐकून घे. आई, मी पूर्ण ऐकलंय आणि मला अजूनही पटलेलं नाही. तू गेलीस म्हणून मी हरले असं होत नाही.

ती जागा बघायला आपण गेलो होतो, त्या रविवारचं मात्र मी काही केल्या विसरणार नाही. तुझ्या नकाशाप्रमाणे डंकनरावांची बाग आपल्या घरापासून फार लांब नव्हती. आता तिथे फ्लॅट, शाळा, आणि समुद्राकडे बाग. तू चपला काढून वाळूत उभी राहिलीस आणि तिथल्या माडांकडे हात करून म्हणालीस, "हे आपले."

"आई, हे पार्कवाल्यांनी परवा लावलेत."

"मग? जमीन तर तीच ना?"

तिथल्या हॉकर सेंटरमध्ये तू कॉफी प्यायलीस, समोरच्या चिनी आजोबांना खुणेने तो किनारा दाखवलास आणि "माय फॅमिली प्लेस" म्हणून सांगितलंस. त्यांनी मान डोलावली आणि तुला शेंगदाणे दिले. मी इतकी वर्षं या देशात काम करतेय. घराचं भाडं भरलं, मुलीला शाळेत घातलं, प्रत्येक वेळी पासाची तारीख बघून पुढचं ठरवलं. इथे माझं काही असेल असं माझ्या मनात आलं नव्हतं. त्या दिवशी तू एका कप कॉफीवर अख्खा किनारा माझ्या नावावर केलास. याबद्दल तुला काही बोलायचं राहूनच गेलं. आज बोलते. फार मोठं दिलंस, आई.

आता बाराव्याचं ऐक.

गुरुजी म्हणजे तेच, आठवडाभर बँकेत आयटीत असतात आणि सुट्टीच्या दिवशी पूजा सांगतात. तुझ्यासाठी मुद्दाम रजा काढून आले. हॉलमधली टेबलखुर्ची हलवली, टॅबवर पोथी उघडली, भात शिजवून घेतला. मुलगी करणार म्हटल्यावर ते काहीच बोलले नाहीत, ही चांगली सुरुवात होती. मामाचा फोन आम्ही स्टूलवर उभा केला होता. त्याच्या मागे अख्खं पुणं बसलेलं.

गुरुजींनी समजावून सांगितलं. तुझा एक लांबट पिंड करायचा, तीन गोल पिंड आधीच्या तीन पिढ्यांचे, तुझ्या पिंडाचे तीन भाग करून त्या तिघींमध्ये मिसळायचे, म्हणजे तू पितरांत जाऊन बसलीस. "सासू, आजेसासू, पणजेसासू," ते म्हणाले. "नावं सांगा."

माझा हात तिथेच थांबला. आजीचा, बाबांच्या आईचा, माझ्यावर जीव होता, हे मी नाकारत नाही. पण तुला तिने जन्मभर पाण्यात पाहिलं. हयात तिच्या हाताखाली काढलीस, आणि आता मेल्यावरही तुला तिच्याच पदरात नेऊन घालायचं? आणि तेही मी, माझ्या हाताने?

"गुरुजी, सासूकडे नाही पाठवायची तिला," मी म्हटलं. "तिच्या आईकडे पाठवायची. आई कुसुम, आजी द्वारका, पणजी मथुरा."

"ताई, विवाहित स्त्रीचं सासरकडेच होतं."

"शुभा!" फोनमधून मामा ओरडला. "गुरुजी, तिचं ऐकू नका. शास्त्राप्रमाणे करा."

"मामा, कुसुम तुझीपण आई आहे. तिचं नाव घेतलेलं तुला चालत नाही?"

गुरुजींनी टॅब खाली ठेवला. एकदा माझ्याकडे, एकदा फोनकडे बघितलं. तरुण माणूस, बिचारा घामाघूम झाला होता. मी म्हटलं, "दहाव्याला कावळा आला नाही. साळुंकी शिवली, ती तुम्ही चालवून घेतलीत ना? मग माझ्या आईची आई का नाही चालत?"

ते हसले, आई. तुझ्या बाराव्याला गुरुजी हसले. "मी मंत्र म्हणतो," ते म्हणाले, "नावं तुम्ही म्हणा."

मी म्हटली. कुसुम. द्वारका. मथुरा. प्रत्येकीत तुझा एकेक भाग मिसळला. मथुरेचं नावही स्पष्ट गेलं. मला वाटलं झालं. तर गुरुजी म्हणाले, "आता हाताला लागलेला भात दर्भाला पुसा. त्याच्या मागच्या पिढ्यांना पिंड नसतो. त्यांचा वाटा एवढाच."

मी हाताकडे बघितलं. बोटांना चिकटलेली चार शितं.

"चौथी म्हणजे मथुरेची आई," मी म्हटलं. "तिला हे?"

"तशी पद्धत आहे."

"तिला एकाने भांडी दिली, आता आपण खरकटं देणार?"

फोनवर मामाने कॅमेरा बंद केला. पडदा काळा झाला, पण कॉल त्याने तोडला नाही, त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. अन्वी माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने भाताचं पातेलं माझ्याकडे ओढलं. मी हात पुसला नाही. त्याच हाताने चौथा पिंड वळायला घेतला. डंकनरावांना मात्र मी काही दिलेलं नाही. आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. तुला तिकडे भेटले तर तू काय ते बघ.

गुरुजींनी विचारलं, "नाव?"

"माहीत नाही."

"नाव माहीत नसेल तर गंगा म्हणा. चालतं."

"ती गंगा नव्हती," मी म्हटलं.

मालवणात पोरवाल्या बाईला तिच्या नावाने कोण हाक मारतं? तिच्या पोराच्या नावाने मारतात. परत आल्यावर विहिरीवर, बाजारात, दारात, माणसं तिला काय म्हणत असतील ते मला एकदम कळलं. ते कुठल्याही कागदावर नव्हतं. पण ती हाक तिने रोज ऐकली असणार आणि रोज तिला ओ दिली असणार. पुण्यापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने मी म्हटलं, "मथुराची आवस."

गुरुजींनी मंत्रात ते तसंच म्हटलं, आवसची आई न करता, एक अक्षरही न बदलता. मग माझ्या हाताकडे बघून दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, हा फार मोठा झालाय. चारही सारखे हवेत."

"असू द्या, गुरुजी," मी म्हटलं. "ती पहिल्यांदाच जेवतेय."